दोन हजार ब्रास जैसलमेर

रेणापुरात विनाकारण चालणारा माणूस दिसला की लोक मोटारसायकल थांबवून विचारतात, "गाडी बंद पडली का?" पंक्चर असेल तर पोरगा पाठवतात, पेट्रोल संपलं असेल तर बाटली काढून देतात. पण "काही नाही, सहज चाललोय," असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. सहज कोणी चालतं का? चालायचं ते कोजागरीला तुळजापूरला, आषाढीला पंढरपूरला, नाहीतर डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यावर फाट्यापर्यंत. पहिल्या दोन्हींत देव भेटतो. तिसऱ्यात तो लवकर भेटू नये म्हणून चालायचं असतं.

ही गोष्ट त्या तिसऱ्या प्रकारातून सुरू झाली. नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोघंही निवृत्त. तीस वर्षं एकाच शाळेत काढल्यामुळे घरातही एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणतात. नावं सांगत नाही. गाव लहान आहे आणि अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. सरांचा विषय गणित, बाईंचा भूगोल.

बाईंनी तीस वर्षं फळ्यावर बारखाण काढला. चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी, वाऱ्याकडच्या बाजूला मंद उतार, पलीकडं तीव्र उतार आणि वाऱ्याच्या दिशेनं पुढं गेलेली दोन शिंगं. खडूनं काढायचा, बाण दाखवायचे, घंटा झाली की डस्टरनं पुसायचा. वर्गाच्या खिडकीतून दिसायची ती काळी माती आणि तूर. एकदा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय का बारखाण?" बाईंनी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. ते पोरगं पुढं लातुरात डॉक्टर झालं, आणि बाईंची साखर वाढल्याचं निदान त्यानंच केलं. "बाई, रोज चालायचं," तो म्हणाला. कुठवर चालायचं हे त्यानं सांगितलं नाही. ते बाईंनी ठरवलं.

"तीस वर्षं शिकवलं ते एकदा तपासून घेऊ," बाई म्हणाल्या. सरांना ते पटलं. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता पाठ्यपुस्तकाचा तपासायला काय हरकत? धडे दोन: 'नदीचे कार्य' आणि 'वाऱ्याचे कार्य'. नदी जवळ होती, म्हणून आधी नदी.

जवळची म्हणजे खरं तर रेणा. ती पुढं मांजरेला मिळते आणि तिच्याच नावानं गाव, धरण, साखर कारखाना सगळं चालतं. पण उन्हाळ्यात रेणेत नदीचं कार्य बघायचं म्हणजे रजेवर गेलेल्या कारकुनाच्या टेबलाशी उभं राहण्यासारखं. तेव्हा सुरुवात झाली तासाभराच्या अंतरावरच्या अंबाजोगाईपासून. बालाघाटाचं पठार तिथं कडेला येऊन तुटतं, आणि त्या तुटलेल्या कडेच्या एका दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधू'चे कर्ते, मराठीचे आद्यकवी. ग्रंथाचा काळ परंपरेनं ११८८ धरतात. गावात कोणी अडचणीचं विचारलं नाही, कारण समाधी म्हणजे दर्शन. दर्शन म्हटलं की पायात बूट का, पाठीवर पिशवी का, हे प्रश्न आपोआप मिटतात.

बाईंना मात्र तिथंच या छंदाची किल्ली सापडली. पुढच्या प्रत्येक वेळी स्टँडवर कोणीतरी विचारणारच होतं, "कुठं निघालाव सर?" आणि दरी बघायला निघालोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणता देव हाय तिथं?" तेव्हा आधी देव शोधायचा, मग तिकीट काढायचं. सहस्रकुंडाला महादेव होता. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून खाली पडते. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा, म्हणजे धबधबा मराठवाड्यातून बघायचा की विदर्भातून, एवढाच काय तो वाद. सरांनी दोन्हीकडून बघितला आणि विदर्भाकडून जास्त चांगला दिसतो हे गावात कोणाला सांगितलं नाही.

निघोजला तर अडचणच नव्हती. मळगंगा देवी प्रसिद्धच आहे. देवळाजवळ कुकडी नदीनं कातळ असा काही कोरलाय की पाठ्यपुस्तकातला 'रांजणखळगे' हा शब्द बाईंना एकदम कळला. शिकवताना तो त्यांना नेहमी खड्ड्यांच्या रस्त्यासारखा वाटायचा. इथं प्रत्यक्ष रांजण होते, एकाला एक लागलेले, आतून गुळगुळीत, काही माणूस उभा बुडेल एवढे. नदीच्या भोवऱ्यात एक गोटा अडकतो, गोल गोल फिरत राहतो आणि हजारो वर्षांत बसाल्टसारख्या टणक खडकाला भोक पाडतो. बाईंनी हे तिथं आलेल्या एका सहलीच्या पोरांना न विचारता समजावून सांगितलं. त्यांच्या शिक्षकानं आभार मानले आणि पोरं दुसरीकडं नेली.

सर एवढा वेळ गप्प होते. ते मोजत होते. "बाई, हा एक रांजण निदान अडीचशे घागरींचा."

बाईंनी वाकून बघितलं. "तीनशे. आणि झाकण नाही."

इथं थोडं थांबायला हवं, कारण हे जोडपं इतरांपेक्षा वेगळं कुठं होतं ते इथं दिसतं. पुण्या-मुंबईची माणसं निसर्ग बघायला जातात तेव्हा ती गजबज मागं टाकून येतात. रेणापूरची माणसं जातात तेव्हा टंचाई बरोबर घेऊन जातात. ती सामानात वेगळी दाखवावी लागत नाही आणि कुठल्या लॉकरमध्ये ठेवताही येत नाही. खळगा दिसला की ती त्यात पाणी ओतून बघते.

सांदण दरीला याचा कळस झाला. अकोले तालुक्यातलं साम्रद हे गाव, रतनगडाच्या शेजारी. जमिनीला पडलेली एक लांबलचक भेग, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या भिंती, मध्ये कुठं कुठं दोन माणसं शेजारी चालू नयेत एवढी अरुंद वाट आणि तळाला घरंगळून आलेल्या दगडांचा पसारा. ऊन आत येतं ते दुपारी, तेही पाहुण्यासारखं उभ्या उभ्या. त्या दिवशी उतरणाऱ्या गटात सर्वांत मोठा मुलगा त्यांच्या धाकट्या मुलापेक्षा लहान होता. सगळ्यांच्या अंगावर चटकन वाळणारे कपडे. बाई साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट घालून, जे पी.टी.च्या तासाला घेतले होते आणि नोकरीत कधी मळले नव्हते. गटातल्या एका मुंबईच्या मुलीनं विचारलं, "काकू, सांदण आवडतं?" बाई म्हणाल्या, "अजून उतरले कुठं?" मुलगी फणसाच्या रसातल्या, वाफवलेल्या कोकणी सांदणांबद्दल विचारत होती. ती खातात हे बाईंना तेव्हाच कळलं. लातूरकडं फणस फळ्यावरच येतो, तोही बारखाणासारखाच.

दरीच्या सुरुवातीलाच पाणी साचलेलं होतं. थंडगार, गुडघ्याच्या वर. पोरं किंचाळत त्यातून गेली. बाई काठावर उभ्या राहिल्या आणि तासाच्या वेळी व्हरांड्यात फिरणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "हे पाणी इथं काय करतंय?" शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथला पाऊस कड्यावरून थेट कोकणात उतरतो आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या बायका हंडे घेऊन खाली जातात. हे ऐकून बाईंना त्या भागाबद्दल एकदम जवळीक वाटली. चेरापुंजी असूनही हंडा चुकत नाही म्हटल्यावर नातं लागलंच. पहिल्या दोरापाशी, जिथून कमरेला पट्टे बांधून कातळावरून खाली सोडतात, तिथून दोघं परत फिरली. "उरलेली दरी तोंडी परीक्षेला," सर म्हणाले.

घळई मात्र अजून बघायची होती. उभ्या भिंतींची, तळाशी नदी वाहत असलेली, पुस्तकात रंगीत चित्र असते तशी. पुस्तकातलं चित्र अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनचं: कोलोरॅडो नदी, लांबी साधारण ४४६ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरच्या पुढं. निवृत्तिवेतनात बसणारी घळई निघाली ती आंध्रातली गंडिकोटा, कडप्पा जिल्ह्यात जम्मलमडुगूजवळ. पेन्नार नदीनं एरमल डोंगरातून काढलेली वाट, तीनशे फुटांच्या आसपास खोल. तेलुगूत गंडी म्हणजे घळई आणि कोटा म्हणजे किल्ला, तेव्हा नावातच धडा आहे. पण पाट्यांवर, जाहिरातींत सगळीकडं 'भारताचं ग्रँड कॅन्यन'. ही आपली एक जुनी खोड. डोंगर दिसला की भारताचं स्वित्झर्लंड आणि दोन कालवे दिसले की पूर्वेचं व्हेनिस. अमेरिकेतल्या दरीला अमेरिकेची गंडिकोटा म्हणताना मात्र कोणी आढळत नाही. लातूरकरांना हे जास्त खटकतं, कारण त्यांच्याकडं शिक्षणाचा 'पॅटर्न' सुद्धा स्वतःच्या नावाचा आहे.

बीदर, हैदराबाद, कर्नूल अशी मजल करत दोघं पोहोचली. हैदराबादेत सरांची कळी खुलली. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले होते आणि घरातल्या जुन्या कागदांवर अजून उर्दू शिक्के आहेत. रेणापूर, लातूर, सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या राज्यात. आणि कडप्पा? तेही एकेकाळी निजामाचंच, पण १८०० साली त्यानं तो मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. घळईच्या काठावर उभं राहून, तांबड्या दगडांच्या रचलेल्या थरांमधून खाली हिरवट पाणी बघत सरांनी दीडशे वर्षांचा हिशेब केला. "एवढी दरी देऊन टाकली," ते म्हणाले, "आणि आपल्याला ठेवून घेतलं."

काठाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. सर फोटोसाठी मागं सरकत होते आणि बाई त्यांना वर्गात ओरडायच्या तशा ओरडत होत्या. देवाचीही सोय होती. किल्ल्यात माधवरायाचं देऊळ आहे, गोपूर भव्य. जवळच जामा मशीद आणि एक प्रचंड धान्यकोठार. बाईंचा वेळ सर्वांत जास्त गेला तो कोठारात. नदीवर धरण आहे आणि पाणी घळईपर्यंत फुगतं, हे कळल्यावर मात्र दोघांचा सूर बदलला. सूर्यास्ताला सगळे पर्यटक पश्चिमेकडं बघत होते आणि ही दोघं खाली, पाण्याची पातळी भिंतीवर कुठवर चढते त्याच्या खुणेकडं.

आता वारा.

वाऱ्याचं कार्य बघायला महाराष्ट्रात फार सोय नाही. लातूरहून मुंबई, वांद्र्याहून जोधपूर, तिथून जैसलमेर. आठ दिवस आधीपासून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भुरका अशी तयारी. प्रश्न होता तो सकाळच्या नाश्त्याचा. गाडीत समोरच्या बाकावरच्या गुजराती बाईंना आपल्या बाई मोकळेपणानं म्हणाल्या, "इनको सुबह सुबह सुशीला लगती है." त्या बाईंनी सरांकडं जे बघितलं ते जोधपूर येईपर्यंत. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता, हे हिंदीत सांगायला सरांना तीन स्टेशनं लागली आणि तरीही विश्वास बसल्याचं दिसलं नाही. स्टँडवर नेहमीचा प्रश्न विचारणाऱ्याला सांगून ठेवलं होतं: तनोटमाता. जैसलमेरपासून १२० किलोमीटरवर, सीमेजवळ. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत अशी ख्याती, आणि पूजेची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडं. एवढा कडक देव असल्यावर गावानं नारळासाठी पैसेही दिले.

जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा, पिवळ्या वालुकाश्माचा, आत अजून माणसं राहतात. वालुकाश्म म्हणजे कधीकाळची वाळूच, दाबून बसलेली. "हे गावच वाळूचं," बाई म्हणाल्या. सर भिंतीला हात लावून बघत होते. हा हात महत्त्वाचा, कारण मराठवाड्यात 'वाळू' हा शब्द भूगोलातला उरलेला नाही. वाळू म्हणजे घाटाचा लिलाव, रॉयल्टीची पावती, रात्री दोन वाजता दिवे विझवून जाणारा हायवा आणि सकाळी पेपरात तहसीलदारांनी पकडल्याची बातमी. ती मोजतात ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. २०२३ साली सरकारनं ती ६०० रुपये ब्रासनं द्यायचं धोरण जाहीर केलं तेव्हा लोकांनी ती बातमी कात्रण काढून ठेवली. वाळू मिळेल म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

असा माणूस समच्या टेकड्यांसमोर उभा केला तर काय होणार?

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं सर काहीच बोलले नाहीत. बाईंना वाटलं, भव्यतेनं वाचा बसली. सर ओठ हलवत होते. मग समोरच्या टेकडीकडं बोट करून म्हणाले, "उंची वीस फूट, रुंदी शंभर, लांबी दोनशे. उतरती आहे म्हणून निम्मी धरू. दोन लाख घनफूट. दोन हजार ब्रास, बाई. चार ब्रासचा हायवा म्हटला तर पाचशे खेपा. आणि राखायला एक तलाठी नाही!" सरकारी दरानं त्या एकाच टेकडीचे बारा लाख होत होते. बाहेरचा दर त्यांनी सभ्यपणे मनातच धरला.

आता यातला खरा विनोद निसर्गाचा आहे, आणि तो सरांना रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कळला. वाळवंटातल्या वाळूत घर बांधता येत नाही. वाऱ्यानं हजारो वर्षं एकमेकांवर आपटून तिचे कण गोल आणि गुळगुळीत झालेले असतात. सिमेंट त्यांना नीट धरत नाही. काँक्रीटला लागतात ते नदीतले कोनाकोनाचे, खरखरीत कण. आखाती देशांच्या दारात वाळूचे डोंगर आहेत आणि बांधकामाची वाळू ते बाहेरून जहाजानं आणतात. सर बराच वेळ छताकडं बघत पडले. "म्हणजे चोरीला न जाणारी वाळू," ते शेवटी म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

समला संध्याकाळी वाळूपेक्षा माणसं जास्त. जीपगाड्या टेकड्यांवर चढून खाली पडल्यासारख्या येतात, उंटांची रांग लागते, तंबूंमधून गाणी सुरू होतात. म्हणून खरी चाल झाली दुसऱ्या दिवशी पहाटे, नैर्ऋत्येच्या खुडी गावाकडं. बाईंनी कंपास पेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधायला एक नट आणला होता. रेणापूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाललं की चप्पल पावलागणिक वाढत जाते. शंभर पावलांत माणूस तीन इंच उंच होतो आणि एक चप्पल शेताला देऊन येतो. इथं उलट. पाय टाकला की जमीनच खाली सरकते. दोन पावलं वर गेलं की एक परत. "पेन्शन आणि महागाई," सर धापा टाकत म्हणाले.

माथ्यावर पोहोचल्यावर बाईंनी कोनमापक लावला. तीस वर्षं फळ्यावर पलीकडचा उतार त्यांनी चांगला साठ अंशांचा काढला होता. प्रत्यक्षात बत्तीस आले. पुन्हा लावला, तेहतीस. सुकी वाळू चौतीस अंशांच्या वर उभीच राहत नाही, घसरून परत तेवढ्यावर येते, टेकडी दहा फुटांची असो की शंभर. पण खरा धक्का पुढं होता. टेकडीची शिंगं उलटी होती. वारा येतो त्याच दिशेकडं वळलेली! थरच्या वाळवंटात अशा उलट्या शिंगांच्या, पॅराबोलिक टेकड्याच सर्वांत जास्त. झुडपं कडेची वाळू धरून ठेवतात आणि मधली पुढं जाते. बारखाणही आहेत, पण ते उघड्या बोडक्या पश्चिम भागात. बाई वाळूत बसल्या. "शिंगं उलटी काढली की मी अर्धा गुण कापायची," त्या म्हणाल्या. सरांनी अंदाज केला: वर्षाला निदान दहा पोरं, तीस वर्षं, अर्धा गुण. "दीडशे गुण देणं निघतं, बाई."

उंटवाला सोबत होता. त्याला हा शोक कळला नाही, पण चांगला माणूस होता, त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मग त्यानंच अर्ध्या तासाच्या चालीवर एक छोटा, सुटा, चंद्रकोरीसारखा बारखाण दाखवला. दोन्ही शिंगं सरळ. वाऱ्यानं उडणारे कण उड्या मारत मंद उतारावरून वर चढत होते आणि माथ्यावरून पलीकडं पडत होते, म्हणजे टेकडी स्वतःलाच मागून उचलून पुढं ठेवत होती. लहान बारखाण अशानं वर्षाला कित्येक मीटर सरकतो. सर दचकले. "एका गट नंबरातून दुसऱ्यात? मग सातबारा कोणाचा?" रेणापुरात वीतभर बांध कोरला म्हणून भावाभावांत तीन पिढ्या कोर्ट चालतं. इथं वारा दिवसाढवळ्या सगळ्यांचेच बांध कोरतो आणि कोणाचं नावही घेता येत नाही.

तिथंच उंटाचा विषय निघाला. तहानलेला उंट एका बैठकीत शंभर लिटर पाणी पितो हे ऐकून बाईंनी त्याच्याकडं जरा कठोर नजरेनं बघितलं. पण एकदा प्यायला की तो कित्येक दिवस मागत नाही, हे कळल्यावर त्यांचं मत बदललं. लातूरचा उंट वेगळा आहे. तो पानं हलवत रांगेत उभा असतो, वर्षभर पितो आणि त्याला ऊस म्हणतात. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, लातूरला साडेसातशे-आठशे. तरी पाण्याची रेल्वे आली ती लातूरला. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी होती, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. हंड्यांना मर्यादा नव्हती. आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर येऊन 'जलदूत' लागली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात, कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन आल्या होत्या.

बाईंनी हे उंटवाल्याला आपल्या दख्खनी हिंदीत सांगितलं. "हमारे लातूर को पानी की रेल आयी थी ना, उसके डब्बे तुम्हारे कोटा में धुले थे." उंटवाल्यानं तीनदा विचारून खात्री केली की पाणी मराठवाड्यात न्यायचं होतं, तिकडून इकडं आणायचं नव्हतं. मग तो म्हणाला की कोटा इथून फार लांब आहे, पण आवाजात थोडा अभिमान आला होता. राजस्थानातल्या पालीलाही २०२२ मध्ये जोधपूरहून अशीच रेल्वे धावली, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही.

त्याच माणसानं त्यांना कुलधराही दाखवलं. पालीवाल ब्राह्मणांचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलेलं गाव. पर्यटकांना तिथं भुताची गोष्ट सांगतात. बाईंना भुतात रस नव्हता, त्या पालीवालांच्या खडिनाबद्दल विचारत राहिल्या. उताराच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं जे काही पाणी येईल ते शेतातच अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. दोनशे मिलिमीटरवर गहू. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय. सर वहीत बांधाची आकृती काढत होते. गाव रिकामं का झालं, हे त्यांनी विचारलं नाही. दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी कुलपं लागलेली गावं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना रिकाम्या गावाची भीती जरा कमी वाटते.

परत आल्यावर स्टँडवर चहा घेताना चौकशी झालीच. "काय बघितलं सर?"

"वाळू."

"काय भाव हाय तिकडं?"

सरांनी फोटो दाखवले. माणसं बाईंच्या साडीवरच्या बुटांना आणि उंटाला ओलांडून मागच्या टेकडीकडं बघत होती. एकानं बोटांनी फोटो मोठा केला. "हायवा लागतो का तिथवर?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

तनोटमातेचा प्रसाद वाटून संपला. वाळू मात्र संपेना. बुटांतून निघाली, मोज्यांतून निघाली, बॅगेच्या शिवणीतून, सरांच्या चष्म्याच्या घरातून, बाईंच्या कंपास पेटीतून. बाईंनी ती झाडून टाकली नाही, वर्तमानपत्रावर गोळा केली. पाव किलोभर भरली. डब्यात घालून वर कागद चिकटवला: 'वाऱ्याचे कार्य'. उन्हाळ्यात न्हाणीघराच्या गिलाव्यासाठी गवंडी आला तेव्हा सरांनी मुद्दाम डबा त्याच्यापुढं धरला. त्यानं चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली, उजेडात धरली आणि परत डब्यात सोडली. "मऊ हाय, सर. सिमिट धरायची नाही." पदवी न घेता त्यानं पाच सेकंदांत सांगितलं, आणि सर जरा खूष झाले.

डबा कपाटावर राहिला तो श्रावणापर्यंत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाईंनी लाह्यांसाठी ज्वारी काढली आणि कढई तापवायला ठेवली. लाह्या फुटायला वाळू लागते. बारीक, गोल, सगळीकडं सारखी तापणारी. नेहमी त्या मीठ वापरायच्या. त्यांनी कपाटावर बघितलं. मग स्टूल घेतलं.

थर कढईत चांगला तापला. ज्वारी टाकली, फडक्याच्या बोळ्यानं हलवली आणि पांढऱ्याशुभ्र लाह्या ताडताड फुटून घरभर उडाल्या. सर वाटी घेऊनच उभे होते. बाईंनी चाळणीनं चाळून दिल्या, वाळू परत डब्यात भरली, कागद तपासला.

चौथ्या घासाला सरांच्या दाताखाली काहीतरी कचकलं. ते थांबले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"शिंग," सर म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढं केली.